यंत्राच्या धीराची मुदत

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी हे धानाच्या मुलखातले गाव. अशा गावात जमिनीची मालकी, पिकाची नोंद आणि सोसायटीचे कर्ज या तीन गोष्टींवर कुटुंबाचे वर्ष तोलले जाते, आणि या तीनही गोष्टी ज्या दप्तरात लिहिलेल्या असत ते दप्तर एके काळी पटवाऱ्याच्या बस्त्यात बांधलेले असे. तो बस्ता आता बव्हंशी संगणकाच्या स्वाधीन झाला आहे. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, 2021 च्या ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली, आणि आधारभूत दराने धान विकू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याला खरेदी केंद्रावर पोती नेण्याआधी सातबाऱ्यासह आपले नाव ऑनलाइन नोंदवावे लागते. या साखळीतील कोणतीही कडी निखळली की खिडकीपलीकडून एकच उत्तर ऐकू येते : सर्व्हर डाऊन आहे. या उत्तरावर तकरार करण्याची सोय नसल्यामुळे शेतकरी परत फिरतो, आणि दोष कधी तारेला, कधी टॉवरला, कधी विजेला दिला जातो. तो पुष्कळदा यथार्थही असतो. परंतु या परिचित कारणांच्या मागे एक अपरिचित कारण दडलेले असते, ज्याची चर्चा तंत्रज्ञांच्या बैठकीबाहेर होत नाही. ते म्हणजे, संगणकाने आपल्या हार्ड डिस्कला हुकूम दिल्यानंतर उत्तरासाठी किती वेळ थांबावे याची मुदत. ही मुदत कोणी ठरवावी, कशाच्या आधारे ठरवावी, आणि ठरविल्यानंतर ती पाळली जाते की नाही हे कोणी पाहावे, हा प्रश्न केवळ यंत्रविद्येचा नसून कारभाराचाही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

संगणक आणि त्याचे साठवण-यंत्र यांच्यातील व्यवहार हा मूलतः हुकूम आणि तामिली यांचा व्यवहार होय. अमुक जागेवरचा मजकूर वाचून दे, तमुक जागेवर हा मजकूर लिही, अशा आज्ञा ऑपरेटिंग सिस्टिममधील ड्रायव्हर नावाची आज्ञावली हार्ड डिस्ककडे पाठविते, आणि प्रत्येक आज्ञेबरोबर एक घड्याळ सुरू होते. लिनक्स या प्रणालीत सामान्य डिस्कसाठी ही मुदत 30 सेकंदांची मुक्रर केलेली असते. विंडोजमध्ये ती सामान्यतः 60 सेकंदांची असते. चुंबकीय फितीच्या यंत्राला लिनक्स 900 सेकंद देते, कारण फीत पुढेमागे गुंडाळून योग्य जागी आणण्यास काळ लागतो हे ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी जाणलेले आहे. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी तबकडी एका सेकंदात 120 वेळा फिरते, म्हणजे 30 सेकंदांत तिचे 3,600 फेरे होतात. आणि निरोगी डिस्क एरवी सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास उत्तर देत असल्यामुळे 30 सेकंद हा कालावधी मनुष्याला अल्प वाटला तरी यंत्राच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. इतक्या अवधीतही जी डिस्क बोलत नाही, तिच्यात काही बिघाड असलाच पाहिजे असे अनुमान ड्रायव्हरने काढावे, हे सकृद्दर्शनी सयुक्तिक दिसते.

मुदत टळली की ड्रायव्हर शिक्षेच्या पायऱ्या क्रमाने चढू लागतो. प्रथम तो दिलेला हुकूम रद्द करण्याची सूचना डिस्कला देतो. तिलाही उत्तर न आल्यास डिस्क नव्याने सुरू करू पाहतो. तेवढ्याने न भागल्यास ज्या मार्गाने ती जोडलेली आहे तो मार्ग, आणि अखेरीस ज्या नियंत्रकावर ती अवलंबून आहे तो नियंत्रकच पुन्हा आरंभापासून उभा करतो. या अवधीत त्याच नियंत्रकावरील निरपराध डिस्कांची कामेही तहकूब राहतात. एवढे सर्व करूनही उत्तर न मिळाल्यास ती डिस्क सेवेतून बरतरफ होते. तिच्यावरील फाइलव्यवस्था, तिची घडण जशी असेल त्याप्रमाणे, लिहिण्यास नकार देते व वाचनापुरती उरते. आणि जो कारकून नोंद जतन करीत होता त्याच्या पडद्यावर एक दुर्बोध वाक्य उमटते. ही शिक्षा कधी न्याय्य असते आणि कधी निखालस अन्याय्य. अन्याय्य केव्हा ठरते हे समजण्यासाठी डिस्कच्या अंतरंगात डोकावले पाहिजे.

हार्ड डिस्क ही आज्ञा मुकाट्याने पाळणारी जड वस्तू नव्हे; तिच्यात तिचा स्वतःचा एक छोटा संगणक असतो आणि त्यालाही स्वतःची चिकाटी असते. तबकडीवरील एखादा खंड पहिल्या प्रयत्नात नीट वाचता आला नाही, तर तो संगणक वाचनशीर्ष किंचित अलीकडे-पलीकडे सरकवून, संकेत निरनिराळ्या रीतीने पारखून, पुनःपुन्हा वाचण्याचा यत्न करतो. घरगुती वापरासाठी केलेल्या डिस्कमध्ये ही चिकाटी मुद्दाम दीर्घ ठेवलेली असते, कारण त्या घरात मजकुराची दुसरी प्रत नसण्याचाच संभव अधिक, आणि म्हणून एक अक्षर वाचविण्यासाठी डिस्कने मिनिट-दोन मिनिटे किंवा त्याहून अधिक झुंजावे हेच श्रेयस्कर. याउलट, एकच मजकूर अनेक डिस्कांवर विभागून किंवा दुहेरी ठेवण्याची जी रेड नावाची पद्धत सर्व्हरमध्ये असते, तिच्यासाठी बनविलेल्या डिस्कांमध्ये ही झुंज बहुधा 7 सेकंदांत आवरती घ्यावी असा शिरस्ता आहे. तेवढ्यात जमले नाही तर डिस्क प्रांजळपणे कळविते की हा खंड मला वाचता येत नाही, आणि रेडची व्यवस्था तो मजकूर उरलेल्या डिस्कांवरून तयार करून पुन्हा त्याच जागी लिहिते. वेस्टर्न डिजिटल, सीगेट इत्यादी कंपन्यांनी या सोयीला आपापली नावे दिली असली तरी तत्त्व एकच आहे : डिस्कने स्वतःच्या धीराला मर्यादा घालावी.

आता घरगुती डिस्क स्वस्त मिळते म्हणून ती एखाद्या कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये बसविली, तर काय होईल याचा विचार करावा. डिस्क आतमध्ये दोन मिनिटे झुंजण्याच्या निश्चयाने बसलेली आहे आणि बाहेर ड्रायव्हरचे घड्याळ 30 सेकंदांवर थांबणार आहे. तिसाव्या सेकंदाला ड्रायव्हर हुकूम रद्द करतो; झुंजीत गुंतलेली डिस्क त्या रद्दीलाही उत्तर देत नाही; पायऱ्या चढत चढत ड्रायव्हर तिला मृत ठरवितो; आणि रेडची व्यवस्था ती डिस्क संचातून काढून टाकते. एका खंडाचा दोष, जो शेजारच्या डिस्कवरून क्षणात भरून निघाला असता, तो संपूर्ण डिस्कच्या बडतर्फीचे निमित्त होतो. मग नवी डिस्क घालून संच पुन्हा उभारू लागावे, तर त्यासाठी उरलेल्या डिस्का पहिल्या खंडापासून शेवटच्या खंडापर्यंत वाचाव्या लागतात; आणि साध्या डिस्कांच्या माहितीपत्रकात दर 10¹⁴ बिटांमागे, म्हणजे सुमारे 12.5 टेराबाइट वाचनामागे, एक न वाचता येणारा खंड येऊ शकेल अशी मर्यादा दिलेली असते, हे लक्षात घेता याच वाचनात दुसरी डिस्क अडखळण्याचा आणि त्याच घड्याळाचा बळी होण्याचा संभव क्षुल्लक मानता येत नाही. अशा वेळी दोन्ही डिस्का जवळपास धडधाकट असूनही त्यांच्यावरील दप्तर नाहीसे होते. नाश कोणी केला असे विचारले तर उत्तर असे की, दोन मुदती एकमेकींना न विचारता ठरविल्या गेल्या होत्या.

हा क्रमाचा न्याय भंडाऱ्याच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. या जिल्ह्यातील मालगुजारी तलाव ज्यांनी बांधले त्यांना हे पक्के ठाऊक होते की सांडव्याची पातळी पाळीच्या माथ्याहून खाली असली पाहिजे; पाणी वाढले तर ते आधी सांडव्यावरून निघून जावे, पाळीवरून नव्हे. पाळ कितीही मजबूत बांधली आणि सांडवा तिच्याहून उंच ठेवला, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाळ फुटणार. डिस्कची आतली मुदत हा सांडवा आणि ड्रायव्हरची मुदत ही पाळ होय. आतली मुदत बाहेरच्या मुदतीहून निश्चितपणे कमी असली पाहिजे, या एका वाक्यात या विषयातील निम्मे शहाणपण सामावलेले आहे. डिस्कला 7 सेकंदांची मर्यादा घालता येत असेल तर ड्रायव्हरचे 30 सेकंद पुरेसे आहेत. डिस्क अशी मर्यादा स्वीकारीत नसेल तर ड्रायव्हरची मुदत 180 सेकंदांपर्यंत वाढवावी, असा सल्ला लिनक्सवरील रेड सांभाळणारे अनुभवी लोक देत आले आहेत.

डिस्क विकत घेताना तिचा हा स्वभाव ग्राहकाला कळतोच असे नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये वेस्टर्न डिजिटल या कंपनीला मान्य करावे लागले की, घरगुती व लहान कार्यालयांच्या साठवण-संचांसाठी विकल्या जाणाऱ्या तिच्या रेड नावाच्या (हे नाव इंग्रजीतील ‘लाल’ या अर्थाचे, वर सांगितलेल्या पद्धतीचे नव्हे) डिस्कांपैकी काही क्षमतांच्या डिस्कांत मजकुराचे पट्टे कौलांप्रमाणे एकमेकांवर चढवून लिहिण्याची पद्धत वापरली होती, आणि ही गोष्ट ग्राहकांना स्पष्टपणे सांगितलेली नव्हती. या पद्धतीत एक पट्टा बदलताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागत असल्याने, दीर्घकाळ अखंड लेखन चालू असता डिस्क मध्येच मौन धारण करते. आणि संच पुन्हा उभारताना नेमके असेच लेखन होत असल्यामुळे पुष्कळांच्या डिस्का उत्तरास विलंब झाल्याच्या कारणावरून संचाबाहेर फेकल्या गेल्या. डिस्क बिघडलेली नव्हती. ती केवळ मंद होती. परंतु मंद आणि मृत यांतील भेद घड्याळाला कळत नाही. तो घड्याळ लावणाराला कळावा लागतो.

यावर कोणी म्हणेल की, मग सर्वत्र मुदत भरपूर वाढवून टाकावी आणि ही कटकट कायमची मिटवावी. हा उपाय सोपा आहे म्हणूनच तो धोक्याचा आहे. मुदतवाढ कोठे शोभते हे पाहण्यासाठी दूरस्थ साठवणीचे उदाहरण घेता येईल. ॲमेझॉनच्या भाड्याच्या संगणकांवर डिस्क ही प्रत्यक्षात जाळ्यापलीकडची सेवा असते. ती तात्पुरती अडली तरी थोड्या वेळाने परत येणारी असते. म्हणून त्या कंपनीच्या मार्गदर्शनात लिनक्सच्या ड्रायव्हरची मुदत शक्य तितकी मोठी ठेवण्याची शिफारस आहे, आणि लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत तो आकडा 4,29,49,67,295 सेकंद इतका ठेवता येतो. हा काळ सुमारे 136 वर्षांचा भरतो. पणजोबाने दिलेल्या हुकमाची तामिली पणतूने पाहावी असा हा धीर आहे. जेथे पलीकडची सेवा अखेर उत्तर देणारच अशी खातरजमा आहे, तेथे हा बेमुदत धीर शहाणपणाचा होय. त्याचप्रमाणे, एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी संगणक चालविणाऱ्या व्हीएमवेअरच्या सहायक आज्ञावलीने विंडोजसाठी 60 आणि लिनक्ससाठी 180 सेकंदांची मुदत लावण्याचा प्रघात पाडला, तोही सकारण आहे. साठवणीचा एक मार्ग तुटून दुसरा मार्ग सुरू होईपर्यंत आभासी संगणकाने घाई करू नये, एवढाच त्याचा हेतू.

परंतु हाच धीर गावातील सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावरील संगणकाला दिला, तर परिणाम उलटा होतो. तेथील डिस्क खरोखर मरणपंथाला लागलेली असली तरी संगणक तिची वाट पाहत राहतो. जी प्रक्रिया उत्तराची प्रतीक्षा करीत अडकलेली असते ती मारूनही मरत नाही. लिनक्स बहुधा 120 सेकंदांनंतर अशा अडकलेल्या प्रक्रियेची इशारेवजा नोंद करते, पण ती नोंद वाचणारा इसम त्या खोलीत नसतो. खिडकीशी रांग वाढत जाते, आणि वैतागलेला संगणकचालक अखेर विजेचे बटण बंद करतो. म्हणजे लेखन अर्धवट असताना यंत्राचा श्वास कोंडणे, हा मुदतीपेक्षाही वाईट निकाल तो आपल्या हाताने लावतो. मुदत अल्प असली की निरपराध डिस्क शिक्षा भोगते. मुदत अमर्याद असली की अपराधी डिस्क मोकाट राहते. या दोहोंमधील योग्य जागा त्या डिस्कची जात, तिच्यामागे दुसरी प्रत आहे किंवा नाही, आणि तिच्या उत्तरावर कोण अवलंबून आहे, या तीन गोष्टी पाहूनच ठरते. आणि नेमक्या याच तीन गोष्टी ड्रायव्हरमध्ये 30 हा आकडा लिहिणाऱ्या दूरच्या प्रोग्रामरला ठाऊक असणे शक्य नाही. त्याने दिलेला आकडा हा तूर्तातूर्त व्यवस्था म्हणून दिलेला आहे; आपण तो वेदवाक्य मानून बसलो, हा दोष त्याचा नव्हे.

ग्रामीण विदर्भाच्या परिस्थितीत याला आणखी एक कंगोरा आहे, ज्याचा विचार शहरात बसून केलेल्या व्यवस्थेत सहसा होत नाही. डिस्कला घातलेली 7 सेकंदांची मर्यादा पुष्कळ डिस्कांमध्ये वीज जाताच विसरली जाते, आणि लिनक्समध्ये ड्रायव्हरची मुदत हाताने बदलली असेल तर संगणक पुन्हा सुरू होताच तीही पूर्वपदावर येते. वीज क्वचितच जाते अशा ठिकाणी एखाद्या जाणत्याने केलेली तजवीज वर्षभर टिकू शकेल. पण उन्हाळ्याच्या वादळात किंवा खरिपाच्या पावसात वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या गावात, सकाळी केलेली दुरुस्ती संध्याकाळपर्यंत नाहीशी झालेली असते आणि कोणाला त्याचा सुगावाही लागत नाही. तेव्हा ही योजना संगणक प्रत्येक वेळी सुरू होताना आपोआप लागू होईल अशी कायम स्वरूपाने लिहून ठेवणे, हे करडीसारख्या गावात चोखंदळपणाचे लक्षण नसून निकडीची गरज आहे.

हा विषय तंत्रज्ञांवर सोपवून वृत्तपत्राने अधिक महत्त्वाच्या गोष्टींकडे वळावे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याला उत्तर असे की, मुदत ठरविणे हे या राज्यात कधीही क्षुल्लक काम मानले गेलेले नाही. जमिनीच्या फेरफारावर हरकत घेण्यास हितसंबंधितांना 15 दिवसांची मुदत असते, हे गावातील अशिक्षित शेतकऱ्यालाही माहीत असते. आणि महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 अन्वये प्रत्येक सेवेची कालमर्यादा अधिसूचित करून ती कार्यालयाच्या दर्शनी भागी फलकावर लावण्याचे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले आहे. ती मर्यादा टळली तर अपिलाची सोय आहे, आणि कसूर करणाऱ्यास दंडही आहे. अधिकाऱ्याने किती दिवसांत दाखला द्यावा हे आपण कायद्याने ठरविले. परंतु ज्या यंत्रातून तो दाखला निघतो त्या यंत्राने आपल्या डिस्कसाठी किती थांबावे, हे ठरविण्याचा अधिकार आपण अजाणता दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला. 2022 च्या जून महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील 63,000 प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला 2,516 कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. सोसायट्यांची खाती अशा रीतीने संगणकावर जात असताना, त्या खात्यांच्या खालच्या डिस्कांच्या स्वभावाची चौकशी करणे हे लोकहिताचे काम नव्हे, असे कोण म्हणू शकेल?

म्हणून सुचवावेसे वाटते ते असे. शासकीय व सहकारी कार्यालयांसाठी संगणक व सर्व्हर खरेदी करताना निविदेच्या अटींत केवळ क्षमता आणि किंमत न लिहिता, डिस्क आपल्या चुकीच्या दुरुस्तीला मर्यादा घालू देते की नाही आणि ती कौलारू पद्धतीने लिहिणारी आहे की काय, याचा स्पष्ट जबाब पुरवठादाराकडून लेखी घ्यावा. यंत्र बसवून देणाऱ्याने डिस्कची आतली मुदत आणि ड्रायव्हरची बाहेरची मुदत, दोन्ही आकडे यंत्राच्या नोंदवहीत लिहून, आतली बाहेरचीहून कमी असल्याची रुजवात करून द्यावी, आणि हे आकडे वीज जाऊन आल्यावरही टिकतात याचे प्रात्यक्षिक दाखवावे. मुदत टळल्याचा प्रत्येक प्रसंग यंत्र आपल्या नोंदीत लिहीत असते, विंडोजमध्ये तर डिस्कला नव्याने सुरू करावे लागल्याची नोंद 129 या क्रमांकाने होते; या नोंदी महिन्यातून एकदा तालुक्याच्या पातळीवर कोणीतरी वाचाव्यात, आणि एकाच डिस्कच्या नावावर त्या वारंवार दिसल्या तर मुदत वाढवून तिला पाठीशी न घालता ती डिस्क बदलावी. आणि हे सर्व केले तरी मजकुराची स्वतंत्र प्रत दुसऱ्या जागी ठेवण्याच्या कर्तव्यातून सुटका नाही, कारण योग्य मुदत अन्याय टाळते, मृत्यू टाळीत नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च नाही. काही आकडे बदलणे, ते लिहून ठेवणे आणि अधूनमधून वाचणे, एवढेच काय ते श्रम आहेत. जिल्हा प्रशासनाने आणि सहकार खात्याने येत्या हंगामाची धान नोंदणी सुरू होण्यापूर्वी निदान आपल्या ताब्यातील यंत्रांपुरती ही तपासणी करून घ्यावी; आणि यापुढे खिडकीतून सर्व्हर डाऊन असल्याचे उत्तर आले, तर वाचकांनी ते निमूटपणे न स्वीकारता, तो का डाऊन झाला आणि त्याची नोंद कोठे झाली, हे लेखी विचारावे.